‘बंड’, ‘उठाव’ आणि ‘क्रांती’: १८४४ च्या गडकरी-प्रकरणाची परिभाषा

१

परकी सत्तेशी वाढत गेलेल्या तणावाचे पर्यवसान सशस्त्र प्रतिकारात झाले म्हणजे त्या प्रतिकारास कोणते नाव द्यावयाचे, हा प्रश्न इतिहासाचा जितका तितकाच भाषेचाही असतो. उत्तर अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७६५ पासून इंग्लंडच्या पार्लमेंटशी जो झगडा मांडला आणि १७७६ साली ज्याची परिणती स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात झाली, त्यास मराठीत ‘राज्यक्रांती’ म्हणतात. १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडील मनोहर-मनसंतोष या किल्ल्यांवर कंपनी सरकारच्या विरुद्ध शस्त्र उचलले गेले. त्या प्रकरणास दीर्घकाळ ‘गडकऱ्यांचे बंड’ म्हटले गेले. पुढे शालेय इतिहासातून ‘उठाव’ हा शब्द रूढ झाला. ‘क्रांती’ हे नाव त्यास सहसा कोणी देत नाही.

या भेदाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण यशापयशाचे आहे. जिंकले ती क्रांती, हरले ते बंड, असे ते थोडक्यात मांडता येईल. पण ते पुरे पडत नाही. १८५७ चा लढाही अयशस्वीच झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा त्या घटनेस ‘बंड’ म्हणण्यात कोणास वावगे वाटत नव्हते. अवघ्या दोन वर्षांनी, १९०९ साली, सावरकरांचा ग्रंथ बाहेर पडला आणि त्याच घटनेस ‘स्वातंत्र्यसमर’ हे नाव मिळाले. मध्यंतरी लढ्याचा निकाल काही बदलला नव्हता. तेव्हा नाव केवळ निकालावरून ठरत नाही, हे उघड आहे.

दुसरे स्पष्टीकरण आकारमानाचे. गडकऱ्यांचा प्रदेश लहान, काळ थोडा, म्हणून ते बंड. परंतु एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन येथे झालेली चकमक ही सैनिकी दृष्टीने किरकोळच होती. तिला महत्त्व आले ते तिच्यामागे दहा वर्षे तयार होत आलेल्या एका भाषेमुळे. प्रतिकार करणाऱ्यांनी आपले गाऱ्हाणे कोणत्या शब्दांत मांडले, ते शब्द कोणी टिपून ठेवले आणि कोणत्या भाषेत उतरविले, आणि त्या शब्दांचा अर्थ विशिष्ट हक्कापासून सर्वसाधारण हक्काकडे सरकला की नाही, यांवर पुढील नाव अवलंबून असते. या दृष्टीने १८४४ च्या प्रकरणाची परिभाषा तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२

आजच्या वैभववाडीतून पूर्वेस पाहिले असता सह्याद्रीची भिंत उभी दिसते. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट तिच्यातून गगनबावड्यास चढतात. १८४४ साली या टापूच्या आसपास निरनिराळ्या सत्ता एकमेकींस भिडलेल्या होत्या. घाटमाथ्यावर कोल्हापूरचे राज्य आणि त्यातील पंत अमात्यांची बावड्याची जहागीर, खाली १८१८ नंतर कंपनीच्या अमलाखाली आलेला रत्नागिरीकडील मुलूख, दक्षिणेस सावंतवाडी, आणि तिच्याही पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. हे सर्व प्रदेश घाटवाटांनी जोडलेले होते. एका संस्थानातील असंतोष दुसऱ्यात पोहोचण्यास आणि पराभूत झालेल्यांस सरहद्द ओलांडून निसटण्यास हा भूगोल अनुकूल होता. कोल्हापूर आणि सावंतवाडी येथील घटना इतिहासग्रंथांत बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून येतात. घाटाच्या पायथ्याशी उभे राहणाऱ्यास त्या एकाच प्रकरणाच्या दोन बाजू वाटतात, आणि ती दृष्टी अधिक यथार्थ आहे.

तणावाची वाढ क्रमाक्रमाने झालेली आहे. १८१२ च्या तहान्वये कोल्हापूरकरांकडून मालवण व तेथील सिंधुदुर्गादी जलदुर्ग आणि सावंतवाडीकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. १८१९ च्या तहाने सावंतवाडीने इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले. १८३८ हे वर्ष दोन्ही राज्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरले. सावंतवाडीचे खेम सावंत यांस कारभार आवरत नाही, या कारणास्तव तो कंपनीने आपल्या हाती घेतला. आणि त्याच वर्षी कोल्हापूरचे शहाजी महाराज निवर्तल्यामुळे गादीवर अल्पवयीन वारस आला. काही काळ राजघराण्यातील स्त्रिया व कारभारी यांच्यात सत्तेची ओढाताण चालली. शेवटी कंपनीच्या विश्वासातले दाजी कृष्ण पंडित यांची कारभारी म्हणून नेमणूक झाली. खर्चाला आळा घालणे आणि वसुलीस शिस्त लावणे हे त्यांच्या कारभाराचे सूत्र होते.

या शिस्तीचा एक भाग म्हणून किल्ल्यांच्या चाकरीबद्दल गडकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनी मामलेदारांच्या व्यवस्थेखाली घालण्यात आल्या. ठिणगी पडली ती येथे. जुलै १८४४ मध्ये सामानगडच्या गडकऱ्यांनी किल्ल्याचे दरवाजे बंद करून घेतले. भुदरगडाने त्यांचे अनुकरण केले. बेळगावकडून फौज आली आणि १३ ऑक्टोबर रोजी सामानगड पडला. तोपर्यंत असंतोष कोल्हापूर शहरात शिरला होता. दाजी पंडितांस कैद करण्यात आले. कर्नल ओव्हन्स या इंग्रज अधिकाऱ्यास पकडून पन्हाळ्यावर ठेवण्यात आले. १ डिसेंबर रोजी पन्हाळाही इंग्रजांनी घेतला. त्याच सुमारास घाटाखाली तांबुळीचे फोंड सावंत आपल्या मुलांसह या चळवळीत उतरले होते, आणि सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेब हेही तिच्याकडे ओढले गेले. मनोहर-मनसंतोष ही जोडगोळी हा शेवटचा आश्रय ठरला. कर्नल औटराम याच्या मोहिमेनंतर १८४५ च्या आरंभी तोही गेला. पुढाऱ्यांपैकी अनेकजण गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांस आसरा दिला. कोल्हापूर राज्यातील गडकऱ्यांची पिढीजात शिबंदी मोडण्यात आली आणि किल्ल्यांची तटबंदी निकामी करण्यात आली.

३

वरील वृत्तान्त ज्या ग्रंथांतून मुख्यतः प्रसृत झाला ते सरकारी आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडीवरील दहावा खंड १८८० साली निघाला, तर कोल्हापूरवरील चोविसावा खंड १८८६ साली. उठावानंतर सावंतवाडीचा कारभार पाहिलेल्या आणि १८५७ मध्ये कोल्हापुरात कामगिरी बजावलेल्या ल ग्रांड जेकब याचे पुस्तक १८७१ चे आहे. घटनाक्रमाच्या बाबतीत हे लेखन उपयुक्त आहे. गडकऱ्यांच्या जमिनींची फेरव्यवस्था हे कारणही त्यात लपविलेले नाही. त्यातील अडचण निराळी आहे आणि ती शब्दांची आहे.

गॅझेटिअरात ‘गडकरी’ या शब्दाचे स्पष्टीकरण ‘किल्ल्याची वंशपरंपरागत गॅरिसन’ असे केलेले आढळते. वरवर पाहता ते बिनचूक आहे. ‘गॅरिसन’ म्हणजे किल्ल्यात ठेवलेले सैन्य. आणि गडकरी किल्ल्यात राहून त्याचे रक्षण करीत, हे खरेच. पण या भाषांतरात एक महत्त्वाची गोष्ट गळून पडते. ‘गॅरिसन’ ही कोणीतरी ठेवलेली असते. ती ठेवणारी सत्ता वेगळी आणि ठेवले जाणारे शिपाई वेगळे. जी ठेवता येते ती काढताही येते. ‘वंशपरंपरागत’ हे विशेषण पुढे जोडल्याने हा मूळ अर्थ बदलत नाही. फार तर ती एक जुनी व गैरसोयीची प्रथा आहे, अशी छटा त्यात येते.

‘गडकरी’ या मराठी शब्दाची घडण याहून भिन्न आहे. ‘गावकरी’ म्हणजे गावचा राहणारा. येथे ‘करी’ हा प्रत्यय निवास दाखवितो. ‘शेतकरी’ किंवा ‘वारकरी’ या शब्दांत तो नित्याचे कर्म दाखवितो. ‘मानकरी’ या शब्दात तो हक्क दाखवितो. मानकऱ्याचा मान कोणी त्या दिवसापुरता दिलेला नसतो. ‘गडकरी’ या शब्दात हे तीनही अर्थ एकत्र नांदतात. तो गडाचा राहणारा, गडाची चाकरी करणारा आणि त्या चाकरीच्या जमिनीचा हक्कदार असतो. या तिन्हींपैकी एक काढून घेतला की उरलेले दोन निरर्थक होतात. जमीन मामलेदाराकडे गेली याचा अर्थ उत्पन्न बुडाले एवढाच नव्हता. ज्या शब्दाने मनुष्य स्वतःस ओळखत होता त्या शब्दाचा आधारच निघून गेला.

या ठिकाणी बावड्याशी निगडित असलेल्या एका ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, किल्ल्यांस राज्याच्या रचनेत प्रधान स्थान दिले आहे, आणि वतनदारांविषयी लिहिताना ते केवळ चाकर नसून राज्यसत्तेत वाटा सांगणारे असतात, हे स्पष्टपणे ओळखले आहे. अमात्यांस वतनदारांविषयी प्रेम नव्हते, संशयच होता. पण तो संशय एका भागीदाराविषयीचा आहे. वतनात सत्तेचा अंश असतो, म्हणूनच त्यावर नजर ठेवावी, असा त्यांचा विचार आहे. त्याच ग्रंथात टोपीकर व्यापाऱ्यांविषयीही इशारा आहे: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांची राज्ये आहेत. वतनात सत्ता पाहणारा आणि परक्याच्या व्यापारात राज्य पाहणारा हा राजनीतिज्ञ एकच होता, ही लक्षणीय गोष्ट होय. १८४४ चा नवा कारभार या दोहोंपैकी पहिली गोष्ट ओळखू शकला नाही. त्याच्या दृष्टीने गडकऱ्यांच्या जमिनी हा हिशेबाच्या वहीतील एक खर्चाचा सदर होता.

सामानगडावर घडलेल्या पहिल्या कृतीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. दरवाजे बंद करणे म्हणजे हल्ला करणे नव्हे. मराठी मुलखात अन्यायाविरुद्ध दाद मागण्याच्या जुन्या रीती होत्या: धरणे धरणे, गाव टाकून जाणे, चाकरी बंद करणे. गडकऱ्याच्या हाती असलेली सर्वांत स्वाभाविक रीत म्हणजे ज्या दाराचा तो राखणदार ते दार लावून घेणे. ‘बंड’ या शब्दात ही पायरी पुसली जाते. त्या शब्दाने प्रकरणाचा आरंभच हिंसेपासून होतो आणि गाऱ्हाण्याची अवस्था अदृश्य राहते.

४

अमेरिकेतील वसाहतवाल्यांच्या झगड्याशी तुलना येथे उपयोगी पडते. मात्र दोहोंमधील मूलभूत भेद प्रथम नोंदविला पाहिजे. वसाहतवाले हे राज्यकर्त्यांचेच भाषाबंधू आणि धर्मबंधू होते. इतकेच नव्हे, तर ते स्वतः दुसऱ्यांच्या भूमीवर वसलेले होते. १७६३ साली इंग्लंडच्या राजाने ॲपलेशियन पर्वतापलीकडे वसाहती करण्यास मनाई केली, हीही त्यांची एक तक्रार होती. आणि त्या मनाईमागे तेथील मूळ रहिवाशांशी तंटा टाळण्याचा हेतू होता. त्यांच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेत गुलामांस स्थान नव्हते. तेव्हा ‘क्रांती’ हा शब्द येथे प्रशस्तिपत्र म्हणून वापरावयाचा नाही.

हा भेद मान्य करूनही तणावाच्या वाढीची रीत दोन्हीकडे आश्चर्यकारक रीत्या समान आहे. सात वर्षांच्या युद्धामुळे इंग्लंड कर्जबाजारी झाले. त्याची भरपाई करण्यासाठी १७६५ साली स्टँपाचा कायदा आला. वसाहतवाल्यांनी त्यास विरोध केला तो नव्या युगाच्या नावाने नव्हे. ज्या सभेत आपला प्रतिनिधी नाही तिने आपणांवर कर बसवू नये, हा इंग्रज प्रजाजनांचा जुना हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १२१५ ची सनद आणि १६८९ चा हक्कांचा कायदा यांचे दाखले ते देत. हे युक्तिवाद वहिवाटीचे आहेत. कोल्हापूरच्या मामलेदारापुढे वडिलोपार्जित भोगवटा सांगणारा गडकरी आणि बोस्टनचा वकील यांचे तर्कशास्त्र या टप्प्यावर एकच आहे: जे चालत आले ते मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला?

राज्यकर्त्यांचे उत्तरही समान स्वरूपाचे आहे. १७६६ साली स्टँपाचा कायदा रद्द झाला. पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींवर सर्व बाबतींत कायदे करण्याचा आपला अधिकार जाहीर केला. म्हणजे सवलत दिली, हक्क मान्य केला नाही. हक्काचे सवलतीत रूपांतर करणे, हे दोन्ही ठिकाणच्या कारभाराचे मर्म आहे. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात जो चहा फेकला गेला तो ईस्ट इंडिया कंपनीचाच होता, आणि तिच्या बिघडलेल्या आर्थिक स्थितीस सावरण्यासाठीच त्या चहाचा कायदा झाला होता. १७८१ साली यॉर्कटाउन येथे शरण गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. दोन्ही रंगभूमी एकाच साम्राज्याच्या होत्या आणि काही पात्रेही तीच होती.

तिसरे साम्य राजनिष्ठेचे आहे. १७७५ च्या जुलैपर्यंत, म्हणजे लढाई सुरू झाल्यानंतरही, वसाहतींची काँग्रेस राजाकडे विनंतीपत्र पाठवीत होती. दोष मंत्र्यांचा आणि पार्लमेंटचा. राजा तेवढा निर्दोष, ही त्यांची भूमिका होती. कोल्हापुरातही रोष होता तो दाजी पंडितांवर आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या साहेबांवर. छत्रपतींच्या गादीविरुद्ध कोणीच नव्हते. सावंतवाडीत तर स्वतः युवराजच उठाव करणाऱ्यांच्या बाजूस गेले होते. याउलट कंपनीही त्याच राजांच्या नावाने कारभार आणि मोहीम करीत होती. ‘सरकार’ या एका शब्दावर दोन्ही पक्ष हक्क सांगत होते. गडकऱ्याच्या तोंडी ‘सरकार’ म्हणजे ज्याने आपल्या पूर्वजांस जमीन दिली तो छत्रपती. कारकुनाच्या दप्तरी ‘सरकार’ म्हणजे कंपनी, किंवा कंपनीच्या सल्ल्याने चालणारा दरबार. ‘मामलेदार’ हा शब्दही असाच जुन्या राज्यातून नव्या राज्यात आलेला. शब्द तोच राहिला, त्याच्या पाठीमागील सत्ता बदलली. परकी सत्ता नवे शब्द घेऊन आली असती तर ती लवकर ओळखू आली असती. जुन्या शब्दांत वस्ती केल्यामुळे तिला विरोध करण्यासाठी भाषाच अपुरी पडली.

५

साम्य येथे संपते, आणि नावाचा प्रश्न ज्यावर अवलंबून आहे तो भेद येथे सुरू होतो. अमेरिकेत जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. तिने दोन गोष्टी केल्या. राजास निर्दोष मानणारी कल्पना तिने उघडपणे मोडली. आणि ‘इंग्रज माणसाचे हक्क’ या परिभाषेच्या जागी ‘माणसाचे हक्क’ ही परिभाषा आणून बसविली. सहा महिन्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच परिभाषेत लिहिला गेला. वतनाच्या तर्कशास्त्रातून बाहेर पडणारी ही उडी होती. ती शक्य झाली याचे कारण पेनची प्रतिभा एवढेच नाही. १७७२ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये आणि नंतर इतर वसाहतींत पत्रव्यवहाराच्या समित्या स्थापन झाल्या होत्या. छापखाने होते, वृत्तपत्रे होती. गावच्या सभेतील गाऱ्हाणे आणि शहरातील छापील युक्तिवाद यांची गाठ पडण्यास वाटा तयार होत्या.

महाराष्ट्रात १८४४ साली छापील युक्तिवाद नव्हता असे नाही, आणि हीच या प्रकरणातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे याच टापूतील, देवगडकडील पोंभुर्ल्याचे. भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ २४ ऑक्टोबर १८४१ रोजी निघाला. त्याच १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात टोपणनावाने पत्रे लिहून कंपनीच्या राज्याने हिंदुस्थानची संपत्ती कशी शोषली जाते, हे उघड शब्दांत मांडले. सामानगडाचे दार लागण्यापूर्वीची ही तीन वर्षे. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांच्या वतीने रंगो बापूजी लंडनमध्ये जाऊन १८४० पासून दाद मागत होते. त्यांची भाषा तहांची, कायद्याची आणि न्यायाची होती. १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींनी ‘प्रभाकरा’तील आपल्या पत्रांतून हिंदुस्थानास पार्लमेंट असावे, हा विचार मांडला. जोतीराव फुले यांनी तरुणपणी पेनचे ग्रंथ वाचले होते, आणि त्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली.

म्हणजे परकी सत्तेविरुद्धच्या विचाराच्या दोन भाषा मराठी समाजात एकाच दशकात नांदत होत्या. एक गडाच्या दारावरची: वतन, चाकरी, भोगवटा, वहिवाट यांची. दुसरी मुंबईच्या छापखान्यातील: प्रजा, कायदा, संपत्तीचा शोष, पार्लमेंट यांची. पहिलीत शस्त्र होते, सर्वसाधारण तत्त्व नव्हते. दुसरीत तत्त्व होते, शस्त्र नव्हते. किंबहुना शस्त्र नसावे अशीच तिची धारणा होती. पोंभुर्ल्याहून मनोहरगड फार दूर नाही; तथापि या दोन भाषांतील अंतर त्या काळी कोणत्याही घाटाहून दुर्लंघ्य होते. त्याची कारणे केवळ बुद्धिभेदात शोधता येणार नाहीत. मुंबईचा सुशिक्षित वर्ग ज्या शिक्षणातून आला होता त्या शिक्षणाने वतनदारी ही जुनाट, अंधारयुगातील संस्था असल्याचे त्यास शिकविले होते. त्याच्या दृष्टीने गडकरी हा उद्याच्या स्वातंत्र्याचा शिपाई नसून कालच्या अव्यवस्थेचा अवशेष होता. उलट गडकऱ्याच्या दृष्टीने कलम चालविणारा प्रत्येक मनुष्य मामलेदाराच्या कचेरीतलाच होता.

या अभावाचा परिणाम पुढे दिसून येतो. गोव्यात आश्रय घेतलेले अण्णासाहेब पुढे परतले, आणि खेम सावंतांच्या निधनानंतर १८६७ साली फोंड सावंत या नावाने इंग्रजांच्या मान्यतेने सावंतवाडीच्या गादीवर बसले. यात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्या चळवळीची भाषा गादीची होती तिची तार्किक परिणती गादी परत मिळण्यात व्हावी, हे स्वाभाविकच होय. मात्र गडकऱ्यांस त्यांच्या जमिनी व त्यांचा गड त्या रूपात परत मिळाला नाही. गादीस पर्याय होता, गडकरीपणास नव्हता.

६

आता ‘क्रांती’ या शब्दाकडे वळले पाहिजे. संस्कृत ‘क्रम्’ धातूपासून आलेला हा शब्द ज्योतिषशास्त्रात सूर्याच्या भ्रमणमार्गाशी संबद्ध आहे. ‘क्रांतिवृत्त’ हा शब्द आजही त्या अर्थी वापरला जातो. मोल्सवर्थच्या कोशातही या शब्दाचा प्रमुख अर्थ याच शास्त्रातला आहे. त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, हा योगायोग चिंतनीय आहे. ‘रेव्होल्यूशन’ हा युरोपीय शब्दही खगोलशास्त्रातूनच राजकारणात आला. फिरून मूळ स्थानी येणे, हा त्याचा जुना अर्थ. १६८८ च्या इंग्लंडमधील सत्तांतरास हे नाव मिळाले तेव्हा जुने हक्क पुनः प्रस्थापित झाले, अशीच भावना त्यामागे होती. पूर्वी नव्हते असे काही घडविणे, हा अर्थ त्यास अमेरिकेच्या आणि विशेषतः १७८९ च्या फ्रान्सच्या घटनांनंतर दृढपणे चिकटला. मराठीने ‘क्रांती’ हा शब्द राजकारणात घेतला तो या नव्या अर्थासह.

या इतिहासातून एक मार्मिक निष्कर्ष निघतो. ‘रेव्होल्यूशन’च्या जुन्या अर्थाने, म्हणजे हरवलेला हक्क पुनः मूळ ठिकाणी आणणे या अर्थाने, १८४४ चा प्रयत्न पुरेपूर क्रांतीचा होता. नव्या अर्थाने मात्र तो क्रांती नव्हे. अभिमानापोटी त्यास क्रांती म्हणणे हे गडकऱ्यांवर उपकार केल्यासारखे वाटले तरी त्यात त्यांच्यावर एक अन्यायही होतो. कारण त्यामुळे त्यांनी जे मागितले त्याऐवजी आपण आज जे मागितले असते ते त्यांच्या तोंडी घातले जाते. राष्ट्रीय वृत्तीच्या लेखनात त्यांस १८५७ चे अग्रदूत ठरविण्याची प्रथा आहे. कोल्हापुरातील १८५७ च्या घडामोडींशी त्यांचे नाते नाही असे नव्हे. पण एखाद्या घटनेचा अर्थ केवळ पुढील घटनेची प्रस्तावना म्हणून लावला म्हणजे तिचे स्वतःचे गाऱ्हाणे ऐकण्याची गरज उरत नाही. सरकारी इतिहासकाराने ‘गॅरिसन’ म्हणून ते गाऱ्हाणे पुसले. अभिमानी इतिहासकार ‘अग्रदूत’ म्हणून पुसतो. हेतू परस्परविरुद्ध असले तरी फल एकच.

‘उठाव’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये उभा आहे आणि तूर्त तोच ग्राह्य वाटतो. ‘उठणे’ या क्रियेत दडपलेल्याचे सरळ उभे राहणे आहे. त्याने कोठे जावयाचे होते याविषयी हा शब्द कोणताही दावा करीत नाही. ‘बंड’ हा शब्द ज्याच्याविरुद्ध उठले त्याच्या दृष्टीने बोलतो, ‘क्रांती’ हा शब्द पुढील पिढीच्या दृष्टीने बोलतो. ‘उठाव’ हा उठणाऱ्याच्या सर्वांत जवळ आहे. तथापि हा शब्दही पुरा नाही. त्यात कृती आहे, कारण नाही. दरवाजा का लागला, हे तो सांगत नाही.

ते कारण शोधण्याचे साधन इंग्रजी वृत्तान्तांच्या सुबक भाषांतरात मिळणार नाही. कोल्हापूर आणि मुंबई येथील पुराभिलेखागारांतील मोडी कागद आणि किल्ल्यांच्या घेऱ्यातील गावांची बोली, तेथील शेतांची नावे व मानपानाचे शब्द ही साधने भाषेच्या अभ्यासकाची आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती त्याच्याकडे मागितली पाहिजेत. घाटाच्या दोन्ही अंगांस हे काम एकत्रितपणे करणे इष्ट होय. कारण कोल्हापूरचा विद्यार्थी सामानगडापाशी थांबतो आणि सिंधुदुर्गाचा विद्यार्थी मनोहरगडापासून आरंभ करतो, तोपर्यंत या प्रकरणाचे दोन तुकडेच हाती राहतील. वाढता तणाव क्रांतीपर्यंत पोहोचला की नाही, याचा निर्णय त्यानंतर करता येईल. त्याआधी, ज्यांनी दार लावून घेतले त्यांनी स्वतःस ‘गडकरी’ म्हणवून घेतले तेव्हा त्या शब्दात काय काय सामावलेले होते, एवढे तरी नीट वाचले गेले पाहिजे.